डी ड्राइव्ह पुन्हा 'रीड-ओन्ली', विंडोजचं घड्याळ पुन्हा साडेपाच तास मागे: ड्युअल बूटवर लिनक्स शिकताना येणारी अडचण आणि तिचं मूळ

विंडोजच्या जोडीला लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून शिकायला घेतलेल्यांची पहिली मोठी तक्रार ठरलेली असते. काल लिनक्समधून डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह झाली, आज होत नाही. फोल्डर उघडतं, फोटो दिसतात, गाणी वाजतात, पण नवीन काही लिहायला गेलं की 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा संदेश येतो. कुणाकडे तर ड्राइव्ह उघडतच नाही. 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' एवढं वाचलं की डिस्क गेली या विचाराने पोटात गोळा येतो. मग कुणीतरी सांगतं, विंडोजमध्ये जा, नीट शटडाउन कर आणि परत ये. तसं केल्यावर कधी चालतं, कधी नाही. चाललं तरी चार दिवसांनी पुन्हा तेच.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट लक्षात येते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. सकाळचे दहा वाजलेले असताना पडद्यावर पहाटेचे साडेचार. हाताने वेळ दुरुस्त केली तरी पुढच्या वेळी तीच रड.

या टप्प्यावर बरेच जण 'लिनक्समध्ये कटकट फार' म्हणून सगळं पुसून टाकतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे आणि ते एकदा कळलं की दहा मिनिटांत दोन्ही कायमच्या संपतात. मूळ असं: एका मशीनवर दोन सिस्टिम आहेत आणि प्रत्येकीला वाटतं की हे मशीन आपल्या एकटीचं. बंद होताना विंडोज काही गोष्टी अर्धवट ठेवून जातं, कारण पुन्हा आपणच सुरू होणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात कोणती वेळ लिहायची, हेही दोघी आपापल्या समजुतीने ठरवतात. अडचण पुन्हा पुन्हा येते, कारण आपण दर वेळी तिचा परिणाम पुसतो आणि ही समजूत तशीच राहू देतो.

एक सूचना आधीच देतो. खाली कमांडची नावं देवनागरीत, उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत, सलग टाइप करायची.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

लिहिता येत नाही, याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. संदेशात 'परमिशन डिनाइड' असेल तर ड्राइव्ह ठणठणीत आहे, फक्त तुम्हाला त्या जागी लिहायचा अधिकार नाही. संदेशात 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असेल तर अधिकाराचा प्रश्नच नाही. लिनक्सने तो अख्खा ड्राइव्ह फक्त वाचण्यासाठी जोडला आहे, आणि तिथे सगळे अधिकार असलेल्या रूट वापरकर्त्यालाही लिहिता येणार नाही. हे दोन संदेश एकच समजून लोक पहिल्याचं औषध दुसऱ्याला देतात, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो.

खात्री करायला दोन कमांड पुरतात. 'एलएसबीएलके' पुढे जागा सोडून 'उणे चिन्ह, एफ' दिलं की मशीनमधले सगळे पार्टिशन (डिस्कचे भाग), त्यांची फाइल सिस्टिम (फाइल्स साठवायची रचना) आणि ते कुठे जोडले आहेत हे एका यादीत दिसतं. विंडोजचे सी आणि डी तिथे सी आणि डी या नावांनी दिसत नाहीत. फाइल सिस्टिमच्या रकान्यात 'एनटीएफएस' लिहिलेलं आणि आकाराने (तो नुसतं 'एलएसबीएलके' चालवल्यावर दिसतो) ओळखीचं वाटणारं पार्टिशन तुमचं. दुसरी कमांड 'फाइंडएमएनटी'. तिच्या शेवटच्या रकान्यात स्वल्पविरामांनी वेगळे केलेले पर्याय असतात. त्यांची सुरुवात 'आरओ'ने असेल तर फक्त वाचन, 'आरडब्ल्यू'ने असेल तर वाचन आणि लेखन दोन्ही.

नवशिक्यांनी या दोन कमांड पहिल्याच आठवड्यात हाताखालून घालाव्यात असं मला मनापासून वाटतं. लिनक्समध्ये ड्राइव्ह आपोआप 'असत' नाही, तो झाडाच्या फांदीसारखा कुठेतरी जोडला जातो, म्हणजे माउंट होतो, आणि जोडताना त्याला अटी लावता येतात. ही कल्पना पुस्तकातून वाचली तर विसरते. स्वतःचा अडलेला ड्राइव्ह समोर असताना समजली की विसरत नाही.

विंडोजचं 'शटडाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हे

2012 साली विंडोज 8 आलं आणि त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तेव्हापासून तुम्ही शटडाउन दाबलं की विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, तुम्हाला लॉग आउट करतं, पण स्वतःचा गाभा मात्र पूर्ण बंद करत नाही. कर्नल (म्हणजे हा गाभा) आणि ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे प्रोग्राम) ज्या अवस्थेत आहेत ती अवस्था सी ड्राइव्हवरच्या हायबरनेशनच्या (मशीनची अवस्था डिस्कवर लिहून बंद होण्याच्या) फाइलमध्ये जशीच्या तशी उतरवून ठेवतं आणि मग वीज तोडतं. पुढच्या वेळी सगळं नव्याने उभं करण्याऐवजी ती फाइल मेमरीत परत ओढली की झालं. हार्ड डिस्कच्या काळात यामुळे मशीन खरंच लवकर सुरू व्हायचं.

पण त्या उतरवून ठेवलेल्या अवस्थेत डी ड्राइव्हचीही नोंद असते. कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, याचं चित्र विंडोजच्या डोक्यात जसंच्या तसं गोठलेलं असतं. आता मधल्या वेळात तुम्ही लिनक्समध्ये आलात आणि डीवर शंभर फोटो टाकलेत, तर विंडोज जागं होताना जुनं चित्र घेऊनच जागं होणार. त्याच्या लेखी ती जागा अजून मोकळीच. ते तिथे दुसरं काहीतरी लिहील, आणि फोटोंसकट फाइल सिस्टिमचा हिशोब बिघडेल.

लिनक्सला हे ठाऊक आहे. म्हणून ते लिहायला नकार देतं. हा दोष नाही. तुमच्या फाइल्स सुरक्षित राहाव्यात म्हणून मुद्दाम घातलेली अट आहे. एनटीएफएस ही फाइल सिस्टिम 1993 साली विंडोज एनटीबरोबर आली आणि तिची अंतर्गत रचना बाहेरच्या लोकांसाठी खुली नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या लोकांनी ती बाहेरून निरखत, पडताळत समजून घेतली. 2007 मध्ये 'एनटीएफएस-3जी' हा ड्रायव्हर स्थिर झाला, तेव्हा कुठे सामान्य माणसाला लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर निर्धास्त लिहिता येऊ लागलं. 2021 मध्ये कर्नलच्या 5.15 आवृत्तीत पॅरागॉन या कंपनीने दिलेला 'एनटीएफएस3' हा दुसरा ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच आला. संदेश वेगवेगळे दिसतात ते म्हणूनच. एनटीएफएस-3जी ड्राइव्ह निदान वाचायला तरी उघडून देतो आणि सांगतो की पार्टिशन असुरक्षित अवस्थेत आहे, विंडोज पूर्ण बंद करून या. एनटीएफएस3 मात्र 'व्हॉल्यूम इज डर्टी' अशी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये करतो आणि जोडायलाच नकार देतो. वर पडद्यावर तुम्हाला दिसतो तो भीतीदायक 'बॅड सुपरब्लॉक'. बहुतेक वेळा सुपरब्लॉकला, म्हणजे फाइल सिस्टिमच्या मूळ नोंदीला, काहीही झालेलं नसतं.

आता त्या 'कधी चालतं, कधी नाही'चं उत्तर. विंडोजमध्ये शटडाउन केलं तर फास्ट स्टार्टअप लागू होतं. रीस्टार्ट केलं तर होत नाही; रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. म्हणजे आपल्या समजुतीच्या नेमकं उलट. ज्याला आपण 'नीट बंद केलं' म्हणतो त्यातच गडबड आहे, आणि घाईघाईत रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलेल्याचा ड्राइव्ह व्यवस्थित चालतो.

तुमच्याकडे हेच कारण आहे का, ते तपासायची सगळ्यात सोपी चाचणीही यातूनच निघते. विंडोजमध्ये जा, रीस्टार्ट निवडा, बूट मेन्यूत लिनक्स निवडा आणि डीवर एक रिकामी फाइल बनवून पाहा. बनली तर निदान झालं.

कायमचा उपाय विंडोजमध्येच करायचा आहे

कंट्रोल पॅनल उघडा. पॉवर ऑप्शन्समध्ये डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं लिहिलेलं दिसेल. तिथे गेल्यावर खालच्या खुणा फिक्या दिसतात, म्हणून आधी वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करायचं. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढायची आणि सेव्ह करायचं. त्यानंतर एकदा पूर्ण शटडाउन करा आणि लिनक्समध्ये या.

एवढ्याने भागतं, पण विंडोजचा एखादा मोठा अपडेट आला की ही खूण परत लागलेली दिसू शकते. बंद केलं होतं तरी दोन महिन्यांनी पुन्हा आलं, अशी तक्रार असेल तर आधी हेच पाहा. मला स्वतःला दुसरा उपाय जास्त पसंत आहे: हायबरनेशनच बंद करायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा आणि टाइप करा:

पॉवरसीएफजी /एच ऑफ

हायबरनेशन नसलं की फास्ट स्टार्टअपला उभं राहायला जागाच उरत नाही. ती खूण सेटिंगमधून दिसेनाशी होते. शिवाय सी ड्राइव्हवर हायबरनेशनच्या फाइलने अडवलेले काही जीबी मोकळे होतात. तोटा एकच. लॅपटॉपचं काम अर्धवट ठेवून हायबरनेट करायची सवय असेल तर ती सोय जाते. झाकण मिटल्यावरची नेहमीची झोप चालूच राहते. एसएसडी असलेल्या मशीनवर सुरू व्हायच्या वेळात पडणारा फरक इतका थोडा असतो की त्यासाठी फाइल्स धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

कॉलेजचा किंवा ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि सेटिंग बदलायची मुभा नसेल, तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

काही जण विचारतात, एनटीएफएसऐवजी सामायिक ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिमचा केला तर? सुटका होत नाही. गोठलेल्या चित्राचा धोका तिथेही तोच असतो. फास्ट स्टार्टअप बंद करणं हाच खरा मार्ग.

विंडोज आता मशीनवर नाहीच, तर?

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज पुसून मिंट टाकणारे बरेच जण आता दिसतात. सी पुसला जातो, पण डीवर वर्षानुवर्षांचे फोटो, बिलं, मुलांचे दाखले असतात म्हणून तो तसाच एनटीएफएस राहतो. शेवटच्या वेळी विंडोज ज्या अर्धवट अवस्थेत बंद झालं ती खूण त्या ड्राइव्हवर कायमची बसते, आणि आता ती काढायला विंडोज उरलेलं नाही. डेस्कटॉपवर काम चालू असताना लाइट गेली किंवा बाहेरची हार्ड डिस्क 'इजेक्ट' न करता ओढली, तरी हीच खूण बसते.

अशा वेळी लिनक्समधली 'एनटीएफएसफिक्स' ही कमांड कामाला येते. आधी 'एलएसबीएलके'ने पार्टिशनचं नाव नीट पाहून घ्या, ते जोडलेलं असेल तर सोडवा, म्हणजे अनमाउंट करा, मग 'सुडो एनटीएफएसफिक्स' ('सुडो' म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवणं) यापुढे 'उणे चिन्ह, डी' आणि पार्टिशनचा पूर्ण पत्ता द्या. ती किरकोळ विसंगती दुरुस्त करते, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं करते आणि 'डर्टी' ही खूण पुसते. पण विंडोजच्या 'चेकडिस्क' या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची जागा ती घेऊ शकत नाही, हे ध्यानात ठेवा. आजूबाजूला कुणाकडे विंडोज मशीन असेल तर डिस्क तिथे लावून चेकडिस्क चालवणं केव्हाही बरं. आणि विंडोजकडे परत जायचंच नसेल, तर महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरवून डी ड्राइव्ह एकदाचा लिनक्सच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करून टाका. विंडोजच्या फाइल सिस्टिमचं ओझं वाहत राहायचं काही कारण नाही.

लोक सांगतात, पण करू नका

'सुडो सीएचमॉड 777' ही सगळ्यांना सगळे अधिकार देणारी कमांड अशा प्रत्येक चर्चेत कुणीतरी देतंच. रीड-ओन्ली ड्राइव्हवर ती चालत नाही. रीड-राइट जोडलेल्या एनटीएफएस ड्राइव्हवरही ती सहसा काही बदलत नाही, कारण तिथले अधिकार जोडतानाच ठरतात. आणि चुकून तुमच्या होम फोल्डरवर किंवा त्याहून वर, सिस्टिमवर चालली तर जे बिघडेल ते निस्तरणं नवशिक्याच्या आवाक्यातलं नाही.

दुसरं, जोडताना 'रिमूव्ह-हायबरफाइल' किंवा 'फोर्स' हे पर्याय देणं. पहिला विंडोजने उतरवून ठेवलेली अवस्थाच पुसतो. त्यात न जतन केलेलं काम असेल तर तेही जातं. दुसरा लिनक्सची अट मोडून ड्राइव्ह जोडायला लावतो. विंडोज अजून मशीनवर असताना यांची गरज कधीच पडू नये.

एकूणच, जिच्यापुढे 'सुडो' आहे ती कमांड वाचल्याशिवाय चिकटवायची नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कमांडच्या नावाआधी 'मॅन' लिहिलं की तिची पूर्ण माहिती टर्मिनलमध्येच उघडते. सुरुवातीला ती पानं अवघड वाटतात. पानाचा पहिला परिच्छेद आणि तुम्हाला हवा तो एक पर्याय, एवढंच वाचलं तरी पुष्कळ.

ड्राइव्हला कुलूप दिसत असेल

नव्या लॅपटॉपवर आणखी एक शक्यता असते. विंडोज 11 मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेलं असेल तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. मग 'एलएसबीएलके'च्या यादीत त्या पार्टिशनसमोर एनटीएफएसऐवजी 'बिटलॉकर', म्हणजे विंडोजचं हे कुलूप, दिसतं आणि लिनक्स 48 अंकी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायॉसमधली (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधली) सिक्युअर बूट किंवा इतर कुठलीही सेटिंग बदलण्याआधी ती शोधून कागदावर लिहून ठेवा. खरं तर लिनक्स टाकण्याच्याही आधी हे करायला हवं, कारण सेटिंग बदलल्यावर विंडोजसुद्धा तीच की मागतं आणि ती नसेल तर सगळा डेटा अडकतो.

आता ते साडेपाच तास

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. मशीन बंद असतानाही ते एका चपट्या बॅटरीवर चालू राहतं. 1984 च्या आयबीएम पीसी-एटीपासून ही व्यवस्था आहे. डॉसच्या काळापासून चालत आलेल्या रीतीने विंडोज त्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, म्हणजे आपल्याकडे भारतीय प्रमाणवेळ. लिनक्स त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी लिहितं आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. घड्याळ एक, आणि त्याकडे पाहणाऱ्या दोघींची समजूत वेगळी.

सकाळी दहाला लिनक्सने घड्याळात साडेचार लिहिले. त्यानंतर विंडोज आलं, त्याने साडेचार हीच स्थानिक वेळ मानली. उलटही होतं: विंडोजने दहा लिहिले, मग लिनक्स आलं, त्याने त्यात साडेपाच तास मिळवले आणि दुपारचे साडेतीन दाखवले. फक्त लिनक्सला नेट मिळालं की ते काही क्षणांत वेळ दुरुस्त करतं, त्यामुळे त्याची चूक आपल्याला दिसत नाही आणि दोष विंडोजच्या माथी जातो. बायॉसमध्ये जाऊन वेळ बदलूनही टिकत नाही त्याचं कारणही इथेच आहे. नेटवरून वेळ जुळलेली असताना लिनक्सचा कर्नल दर 11 मिनिटांनी आपली वेळ त्या घड्याळात पुन्हा लिहीत राहतो.

(मुंबईने हा घोळ फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही 'बॉम्बे टाइम' शहरात 1955 पर्यंत टिकून होता, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. भेटीची वेळ ठरवताना ती कोणत्या घड्याळाची, हे विचारावं लागे.)

उपाय सोपा आहे: दोघींची समजूत एक करायची. भारतात असाल तर लिनक्समध्ये एकच ओळ पुरते:

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1

मग नुसतं 'टाइमडेटसीटीएल' चालवून पाहा. 'आरटीसी इन लोकल टीझेड' (आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरचं घड्याळ) समोर 'येस' दिसलं की झालं. खाली एक लांबलचक इशारा येतो की ही पद्धत पूर्णपणे भरवशाची नाही. तो इशारा खरा आहे, पण त्याचा मुख्य रोख उन्हाळ्यात तास पुढे-मागे करणाऱ्या आणि वेळेचा पट्टा बदलणाऱ्या ठिकाणांवर आहे. भारतात तसं काही होत नाही, त्यामुळे इथे बसून वापरणाऱ्याला त्रास नाही.

लंडन, न्यू जर्सी किंवा मेलबर्नला असाल तर मात्र हा मार्ग घेऊ नका. तिथे वर्षातून दोनदा तास बदलतो आणि दोन्ही सिस्टिम आपापल्या परीने तो बदल करून मोकळ्या होतात. घड्याळ एक तास चुकतं. तुम्ही विंडोजलाच यूटीसी शिकवा. रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन या वाटेने जा आणि तिथे 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' या नावाची डीवर्ड नोंद बनवून तिची किंमत 1 करा. नावातले शब्द इंग्रजीत सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. दोन्ही उपाय एकत्र मात्र करू नका, नाहीतर पुन्हा साडेपाच तासांचा घोळ होईल, फक्त उलट्या दिशेने.

फरक नेमका साडेपाच तासांचा नसेल, घड्याळ काही वर्षं मागे जात असेल किंवा रोज वेगळंच काही दाखवत असेल, तर हे सगळं सोडा. ती चपटी बॅटरी संपली आहे. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर2032 असते, घड्याळाच्या दुकानातही मिळते.

याच मुळाच्या आणखी फांद्या

विंडोज वापरून शटडाउन केलं आणि लिनक्समध्ये आल्यावर वाय-फाय गायब, असं होत असेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. फास्ट स्टार्टअप काही वाय-फाय कार्डांनाही अर्धवट अवस्थेत सोडतं, आणि लिनक्सला ते कार्ड नीट सुरू करता येत नाही. वरचा पहिला उपाय केला की बहुधा तेही सुटतं.

ब्लूटूथ हेडफोन प्रत्येक वेळी नव्याने जोडावा लागतो, ही तक्रारही याच जातीची. जोडताना हेडफोन आणि सिस्टिम एक गुप्त किल्ली ठरवतात. हेडफोनच्या दृष्टीने तुमचा लॅपटॉप एकच आहे, म्हणून लिनक्सशी जोडलं की विंडोजबरोबर ठरलेली किल्ली तो टाकून देतो. विंडोजच्या रजिस्ट्रीतून ती किल्ली काढून लिनक्समध्ये ठेवता येते, पण पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नका. स्वतःचा यूएसबी डोंगल असलेला माउस घेतला तर निदान माउसचा प्रश्न उरत नाही.

आणि बूट मेन्यू. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्येच जायला लागलं तर लिनक्स पुसलं गेलं असं समजू नका. बूटच्या क्रमात विंडोज पहिलं जाऊन बसलं आहे, इतकंच. मशीन सुरू होताना एफ2, एफ10 किंवा तुमच्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून बायॉसमध्ये जा आणि क्रमात उबंटू वर आणा. मिंट टाकलं असलं तरी तिथे नाव बहुधा 'उबंटू' असंच दिसतं. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटमुळे अनेकांचं लिनक्स 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असं म्हणून खरंच थांबलं होतं. तसा संदेश आला तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये जायचं, सगळे अपडेट घ्यायचे आणि मग ते पुन्हा चालू करायचं. बिटलॉकरची की तेव्हा हाताशी हवीच.

शिकताना फाइल्स कुठे ठेवाव्यात

सरावाचं सगळं काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी भाषेतले किंवा पायथनचे प्रोग्राम, शेल स्क्रिप्ट डी ड्राइव्हवर ठेवले तर अधिकारांचा धडा चुकीचा शिकला जातो. स्क्रिप्टला चालवण्याचा अधिकार दिला तरी तो तिथे बसत नाही आणि कमांडच चुकली असं वाटतं. डी ड्राइव्ह फक्त दोन्हीकडे लागणाऱ्या गोष्टींसाठी.

होममध्ये फाइल्स आणताना मराठी नावांबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. ईएक्सटी4 मध्ये फाइलचं नाव जास्तीत जास्त 255 बाइटचं असतं. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजून, तीन बाइट घेते. म्हणजे साधारण 85 खुणांपर्यंतच नाव चालतं. एनटीएफएसवर ही मर्यादा याच्या तिप्पट आहे. त्यामुळे लांबलचक मराठी नावाची फाइल होममध्ये आणताना 'फाइल नेम टू लाँग' येतं, आणि लोक पुन्हा ड्राइव्हला दोष देतात. नाव छोटं करा, काम होतं.

टर्मिनलशी ओळख करून घ्यायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरचे छोटे पाठ मी हमखास सुचवतो. मराठी आवाजात आहेत, फुकट आहेत आणि पाहता पाहता सोबत करून बघता येतात. आणि मुख्य लॅपटॉपवर ड्युअल बूटची जोखीम नकोशी वाटत असेल, तर पहिले काही आठवडे विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवणं अगदी शहाणपणाचं आहे. वरची एकही अडचण तिथे येत नाही.

हे सगळं करूनही ड्राइव्ह रीड-ओन्लीच होत असेल

फास्ट स्टार्टअप बंद आहे, चेकडिस्क झालं, विंडोजमधून रीस्टार्ट करून आलात, तरीही काम करता करता मध्येच ड्राइव्ह रीड-ओन्ली होतो का? मग 'सुडो डीएमईएसजी' चालवून कर्नलच्या लॉगच्या शेवटच्या ओळी वाचा. तिथे 'आय/ओ एरर' पुन्हा पुन्हा दिसत असेल तर आता प्रश्न दोन सिस्टिमच्या भांडणाचा राहिलेला नाही. डिस्क, तिची केबल किंवा बाहेरच्या डिस्कची पेटी यांपैकी काहीतरी खरंच बिघडलं आहे. उबंटू आणि मिंटमधल्या 'डिस्क्स' या प्रोग्राममध्ये ड्राइव्ह निवडून 'स्मार्ट डेटा', म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, पाहा. अशा ड्राइव्हवर एनटीएफएसफिक्स, चेकडिस्क काहीही चालवू नका, प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर आणखी ताण टाकते. तो रीड-ओन्ली उघडतोय तोवर आधी फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, सगळ्यात महत्त्वाच्या सगळ्यात आधी.